गाडी आपली, मग पाना दुसऱ्याच्याच हातात का?

आपल्या वस्त्यांमध्ये आणि कॉलन्यांमध्ये आता चारचाक्या दिसू लागल्या आहेत. बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडून घेतलेल्या, काही पाच-सात वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेल्या नव्या. मागच्या काचेवर 'जय भीम' असते, डॅशबोर्डवर निळा झेंडा असतो. ज्या समाजाला गावात पायात चप्पल घालून चालण्याची चोरी होती, त्या समाजाच्या पोरापोरींनी स्टीअरिंग हातात धरले, याचा आनंद कोणाही आंबेडकरी माणसाला होणारच.

परंतु याच गाडीवाल्या तरुणाला विचारून पाहा, बॉनेट कोणत्या खटक्याने उघडते? इंजिन ऑइल शेवटचे कधी बदलले? टायरमध्ये हवा किती भरायची, हे गाडीवर कुठे लिहिलेले असते? बहुतेक जण खांदे उडवतात. "ते गॅरेजवाला बघतो," असे सांगतात. दारात हत्ती बांधला आहे, पण तो काय खातो हे माहीत नाही, अशी ही अवस्था आहे. मग हप्ता कसाबसा भरला जातो आणि सर्व्हिसिंगचे बिल आले की महिन्याचे गणित कोलमडते. सर्व्हिसिंग पुढे ढकलले जाते आणि पुढे ढकललेले दोन हजारांचे काम वीस हजारांचे होऊन परत येते.

माझे म्हणणे सरळ आहे. आंबेडकरी तरुणाने आपल्या गाडीची नेहमीची निगा आणि साधी दुरुस्ती घरच्या घरी करायला शिकले पाहिजे. पैसे वाचतात हे पहिले कारण. दुसरे कारण त्याहून मोठे आहे. यंत्राची विद्या आपल्यापासून ठरवून दूर ठेवली गेली होती आणि आज ती हाताशी आलेली असताना आपणच तिच्याकडे पाठ फिरवतो आहोत.

"शिकलो ते हात काळे करायला का?"

हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांवर जन्माने कामे लादली गेली. मेलेली जनावरे ओढणे, गावकी करणे, घाण उपसणे. बाबासाहेबांनी ही कामे सोडा असे सांगितले आणि समाजाने उपासमार सोसून ती सोडली. त्यामुळे मुलगा शिकला की त्याच्या शर्टाला डाग लागू नये, असे आईबापांना वाटते. त्या वाटण्यामागे शतकांचा अपमान आहे.

पण लादलेले काम आणि मिळवलेले कौशल्य यांत फरक केला पाहिजे. गावकीच्या कामात निवड नव्हती, मोबदला नव्हता आणि त्यातून ज्ञानाची वाढही होत नव्हती. आपल्या गाडीचे ऑइल आपल्या मर्जीने, आपल्या पैशांसाठी, पुस्तिका वाचून बदलणे हे त्याच्या नेमके उलटे आहे. हाताला ग्रीस लागले म्हणून माणूस हलका होतो, हा विचार मुळात कोणाचा? हाताने काम करणारा खालचा आणि बसून आज्ञा देणारा वरचा, ही उतरंड मनुस्मृतीची आहे. तिला नकार देणारा समाज तिचाच निकष स्वतःला लावू लागला, तर तो विजय कोणाचा म्हणायचा?

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या वाट्याला घाणीचे काम आले आणि यंत्राचे काम मात्र नाकारले गेले. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये जास्त मजुरीच्या विणकाम खात्याची दारे अस्पृश्य कामगारांना बंद होती. कारण काय, तर धोट्यात कांडी घालताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्ण कामगारांना चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली, तिथेही दुखणे हेच होते. आपला माणूस गँगमन म्हणून लागे आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होई. वर्कशॉपातली मेकॅनिकची जागा त्याच्यासाठी नव्हतीच. १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाचा आग्रह धरला, तो या अनुभवातून.

यंत्राबद्दलची त्यांची भूमिकाही स्वच्छ होती. गांधीजींच्या यंत्रविरोधाला उत्तर देताना त्यांनी दोष यंत्राला दिला नाही. यंत्राचा फायदा मूठभरांनी लाटावा अशी जी समाजरचना आहे, ती बदलली पाहिजे, असे त्यांनी मांडले. यंत्रामुळे कष्ट कमी होतात, फुरसत मिळते आणि फुरसतीतून माणूस माणसासारखा वाढतो. मग ज्या यंत्रासाठी आपण सात वर्षे हप्ते भरतो, त्याच्या आत काय चालते हे आपल्याला माहीत नसावे काय?

चाळीसगावचा टांगा

'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी १९२९ मधला चाळीसगावचा प्रसंग लिहून ठेवला आहे. आपल्यापैकी अनेकांना तो माहीत आहे, पण आपण तो अर्धाच सांगतो. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून ते फिरत होते. स्टेशनवरून महारवाड्यात जायला टांगा हवा होता. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. बाबासाहेबांनी पायी यावे, हे वस्तीतल्या लोकांना सहन होईना. शेवटी तडजोड निघाली. टांगेवाल्याने टांगा भाड्याने दिला, पण हाकायला तो आला नाही. लगाम वस्तीतल्याच एकाने धरला. त्याने टांगा कधी हाकलेला नव्हता. थोडे अंतर जातो न जातो तोच मोटारगाडीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या फरशीपुलावर चाक दगडात अडकले, घोडा आणि टांगा खाली गेला आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. पायाचे हाड मोडले.

टांगेवाल्याचा जातीयवाद हा या प्रसंगाचा पहिला अर्धा भाग. बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षा जातीने स्पृश्य असलेला टांगेवाला स्वतःला श्रेष्ठ समजत होता. दुसरा अर्धा भाग बाबासाहेबांनीच नोंदवला आहे. पाहुण्याची प्रतिष्ठा जपण्याच्या नादात त्याच्या सुरक्षिततेचा विचार मागे पडला, असे त्यांनी लिहिले. यात वस्तीतल्या त्या माणसाचा दोष नाही. ज्याला टांग्याच्या धंद्यात शिरूच दिले नाही, त्याला टांगा हाकता कसा येणार? पण आपल्यासाठी धडा त्यातच आहे. स्वाभिमानाला कौशल्याची जोड नसेल, तर स्वाभिमानाची गाडीही उलटते. त्या माणसाला शिकायची संधी नव्हती. आपल्याला आहे. मग आपली सबब कोणती?

काय शिकायचे?

सुरुवात पुस्तिकेपासून करा. गाडीसोबत मिळालेले मॅन्युअल बहुतेकांनी प्लास्टिकमधून बाहेरही काढलेले नसते. जुन्या गाडीसोबत ते मिळाले नसेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावर बहुधा मिळते. कोणते ऑइल, किती लिटर, किती किलोमीटरनंतर, हे सगळे त्यात लिहिलेले आहे. आपण वाचणारा समाज आहोत ना? मग हेही वाचा.

ऑइल. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबा. डिपस्टिक ओढा, पुसा, पुन्हा घाला, पुन्हा ओढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. हे पंधरा दिवसांतून एकदा करायला दोन मिनिटे लागतात. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा ऑइल बदलावे लागते. छोट्या गाडीला तीन लिटरच्या आसपास ऑइल लागते. ते ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर मिळून साधारण दीड-दोन हजारांत बसते. हेच काम मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये मजुरी, कर आणि वरची कामे धरून सहज पाच हजारांवर जाते. काम अवघड नाही. इंजिन जरा कोमट असताना खालचा ड्रेन बोल्ट सोडून जुने ऑइल रुंद भांड्यात घ्यायचे, बोल्टचा वॉशर बदलायचा, नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचे बोट लावून तो हातानेच घट्ट बसवायचा. मग नवे ऑइल भरून इंजिन मिनिटभर चालवायचे, गळती नाही ना हे पाहायचे आणि डिपस्टिक पुन्हा तपासायची.

एअर फिल्टर आणि एसीचा केबिन फिल्टर. बहुतेक गाड्यांमध्ये क्लिपा किंवा दोन-चार स्क्रू काढले की झाले. पाच-दहा मिनिटांचे काम, ज्याची मजुरी वेगळी लावली जाते.

बॅटरी. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचली की गाडी सुरू होताना कुरकुरते आणि लोक नवी बॅटरी घेऊन मोकळे होतात. आधी हातमोजे घालून निगेटिव्हची वायर काढा, मग पॉझिटिव्हची. खाण्याचा सोडा आणि गरम पाण्याने टर्मिनल घासा, कोरडे करा, पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी जोडा, वर पेट्रोलियम जेली लावा. चार-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर घेतला तर अंदाजाने पैसे घालवावे लागत नाहीत. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती पूर्ण भरलेली आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ यायला हवेत. तेवढे येत नसतील तर दोष बॅटरीत नसून चार्जिंगमध्ये असू शकतो आणि नवी बॅटरी घेऊनही गाडी पुन्हा बंद पडेल.

टायर. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर असतो. तो थंड टायरसाठी असतो, म्हणून शंभर किलोमीटर पळवून आल्यावर मोजू नका. स्टेपनीतही हवा पाहा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही बाद आहे. स्टेपनी बदलण्याचा सराव दिवसाउजेडी घराजवळ एकदा करा. नट जमिनीवर चाक असतानाच सैल करायचे, मग जॅक लावायचा. बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा १ जानेवारीला भीमा कोरेगावला सात माणसे घेऊन निघालेली गाडी रात्री दोन वाजता हायवेवर पंक्चर होते, तेव्हा हे कौशल्य भाषणापेक्षा उपयोगी पडते.

पावसाळा. जूनच्या आधी वायपरचे रबर बदला, काचेखालच्या जाळीत साचलेला पालापाचोळा काढा, नाहीतर पाणी गाडीत उतरते. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल तर इंजिनचा दांडा वाकतो आणि खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जाऊ शकतो. ढकलून बाजूला घ्या आणि टो करा.

बॉनेटखालचे कूलंट महिन्यातून एकदा पाहा. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका, वाफेने चेहरा भाजतो. नळाचे पाणी ओतू नका. आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला की घाबरून जाऊ नका. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांना स्टीअरिंगखाली ओबीडीचे सॉकेट असते. हजार रुपयांच्या आसपास मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर तिथे लावला की मोबाइलवर बिघाडाचा कोड दिसतो. कोड म्हणजे निदान नव्हे, पण गॅरेजमध्ये रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा माहिती घेऊन जाणे केव्हाही चांगले.

काय करायचे नाही?

स्वावलंबन म्हणजे आततायीपणा नव्हे. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरायचे नाही. जॅक घसरला की माणूस जातो. जॅक-स्टँड लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा. ब्रेक, स्टीअरिंग, एअरबॅग, इंधनाची नळी आणि सीएनजीची जोडणी यांना हात लावू नका. ब्रेक किंचाळू लागले, पॅडल मऊ लागले, तर ओळखायला शिका आणि जाणकाराकडे जा. सीएनजीच्या टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावीच लागते, त्यात काटकसर नको. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतल्या नारिंगी केबलपासून लांब राहा. गाडी वॉरंटीत असेल तर पुस्तिकेतल्या नियमाप्रमाणेच सर्व्हिसिंग करा आणि प्रत्येक बिल जपून ठेवा. एका मर्यादेपलीकडचे ज्ञान आपल्याकडे नाही, हे ओळखणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

आणखी एक गोष्ट आंबेडकरी माणसाने तरी विसरू नये. काढलेले जुने ऑइल गटारात ओतायचे नाही. कायद्याने तो घातक कचरा आहे. पण कायदा बाजूला ठेवा. त्या गटारात उद्या कोण उतरणार आहे? २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करायला बंदी आहे, तरी माणसे गटारात उतरवली जातात आणि ती कोणत्या समाजाची असतात हे आपल्याला सांगावे लागत नाही. आपले पाचशे रुपये वाचवून तीन लिटर काळे ऑइल आपल्याच भावाच्या अंगावर ओतणार असू, तर काचेवरचा 'जय भीम' पुसून टाकावा. जुने ऑइल कॅनमध्ये भरा आणि अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी ऑइल देणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्या.

गॅरेजवाल्याच्या पोटावर पाय?

काही मित्र विचारतात, सगळेच घरी करू लागले तर नाक्यावरचा मेकॅनिक जगायचा कसा? तोही मुसलमान, ओबीसी नाहीतर आपल्यातलाच गरीब माणूस आहे. प्रश्न रास्त आहे. पण आज आपण सर्वांत जास्त पैसे देतो कोणाला? काचेच्या केबिनमध्ये बसून 'इंजिन ट्रीटमेंट', 'फ्लशिंग', 'कोटिंग' अशी यादी वाचून दाखवणाऱ्याला. मॅन्युअलमध्ये नसलेल्या या कामांना आपण मान डोलावतो, कारण विचारायला लाज वाटते. आणि नाक्यावरच्या मिस्त्रीशी मात्र पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. हे उलटे व्हायला हवे. अनावश्यक यादीला नाही म्हणा आणि क्लच, सस्पेन्शन, ब्रेकचे काम नाक्यावरच्या जाणकार मिस्त्रीला पूर्ण मजुरी देऊन करून घ्या. त्याच्याजवळ उभे राहा, विचारा, शिका. तो बाराव्या वर्षी पोऱ्या म्हणून लागला, कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय इंजिनचा आवाज ऐकून रोग ओळखतो. त्याला 'ए' म्हणून हाक मारणारा माणूस समतेवर कितीही बोलला तरी ते व्यर्थ आहे.

कंपन्यांची मक्तेदारी हा काल्पनिक विषय नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न देता बाजार अडवल्याबद्दल २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण आयोगाने दाखवलेला रोग खरा होता. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. ज्ञान कुलूपबंद ठेवायचे आणि किल्लीचे पैसे घ्यायचे, ही युक्ती आपल्याला नवी नाही. पूर्वी वेद ऐकायला बंदी होती, आज सर्व्हिस मॅन्युअल दाखवायला टाळाटाळ होते. स्वतः पाना धरल्याशिवाय या हक्काची किंमत कळणार नाही.

विहारात एक पेटी

एकट्याने सगळी अवजारे घ्यायची गरज नाही. रिंग पान्यांचा आणि गोटी पान्यांचा संच, चांगला जॅक, दोन स्टँड, टॉर्क रेंच, मल्टिमीटर, ओबीडी स्कॅनर आणि हवा मोजायचा गेज, हे सगळे दहा-बारा कुटुंबांनी वर्गणी काढली तर प्रत्येकाला एका सर्व्हिसिंगच्या बिलापेक्षा कमीत पडते. पेटी विहारात ठेवा, नोंदवहीत सही करून न्या आणि आणा. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर तासभर विहाराबाहेरच्या मोकळ्या जागेत एकच काम शिकवा. या महिन्यात स्टेपनी, पुढच्या महिन्यात बॅटरी. वस्तीत आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केलेला मुलगा असतोच. आजवर त्याला आपण 'इंजिनीअरिंगला नंबर लागला नाही' म्हणून हिणवत आलो. त्याला शिक्षक म्हणून उभे करा आणि मानधन द्या. मुलींना मागे उभे करू नका, पहिला पाना त्यांच्या हातात द्या. रात्री एकटीने गाडी चालवत नोकरीवरून परतणाऱ्या मुलीला स्टेपनी बदलण्याची गरज तिच्या भावापेक्षा जास्त आहे. आणि ज्यांच्याकडे चारचाकी नाही, दुचाकी किंवा रिक्षा आहे, त्यांनाही यातले निम्मे जसेच्या तसे लागू आहे.

यातून क्रांती होईल असा माझा दावा नाही. पण वर्षाला चार-पाच हजार वाचले तर ते मुलांच्या पुस्तकांना, अभ्यासिकेच्या फीला जातील. आणि ज्या समाजाला विणकाम खात्याच्या दाराबाहेर उभे केले, टांग्याचा लगाम नाकारला, त्या समाजाची मुले बॉनेट उघडून नेमका दोष सांगू लागतील. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले तेव्हा ते फक्त पदवीबद्दल बोलत नव्हते. येत्या रविवारी गाडी धुवून झाली की निघून जाऊ नका. बॉनेट उघडा, डिपस्टिक ओढा, आणि शेजारच्या पोराला बोलावून दाखवा.

जय भीम!